हसू आलं, आणि लगेच लाज वाटली

पत्र

ताई, मी पुण्यात नाट्यशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव सांगली जिल्ह्यात. बाबा एसटीत ड्रायव्हर. गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळतं. आई शिवणकाम करते, फॉल-पिको करते. धाकटा भाऊ बारावीला आहे. मी सकाळी डीटीपीचं काम करते, दुपारी तास, संध्याकाळी दोन वेगवेगळ्या तालमी, आणि रात्री कॉटवर पडून वाचत बसते. कधीकधी तीन वाजतात. काय वाचलं ते सकाळी आठवत नाही.

परवा ग्रंथालयात 'महानिर्वाण' वाचताना मोठ्यानं हसले. भाऊराव मेलेत आणि स्वतःच कीर्तन करतायत! मग एकदम वाटलं, घरी बाबा अंथरुणात आणि मी मेलेल्या बापाच्या नाटकावर हसतेय. पुस्तक मिटून बाहेर आले.

अभिनयाच्या तासाला 'आयुष्यातला खरा क्षण आणा' म्हणून सांगितलं होतं. मी बाबा पडले ती सकाळ केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्रीपासून नीट झोप नाही. तालमीत दुसरे सर म्हणतात, घरचं घरी ठेवून यायचं, आणि बालगंधर्वांची गोष्ट सांगतात. आत्या म्हणते, बाप आजारी आणि पोरगी नाटकं करत बसलीय.

शिक्षण सोडून घरी जाऊ का? खरं सांगू, मला सोडायचं नाहीये. सोडायचं नाहीये याचीच लाज वाटते.

— एक नाट्यविद्यार्थिनी

उत्तर

प्रिय मुली,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर लांबवलं तर बाकीचं तू धड वाचणार नाहीस. सोडू नकोस. वर्ष संपत आलंय, ते पूर्ण कर. तू घरी गेलीस तर आईला मदत होईल हे खरं, पण तुझ्या डीटीपीचे पैसे बंद होतील आणि त्या घरात मन मारून बसलेलं आणखी एक माणूस वाढेल. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आईनं किंवा बाबांनी 'परत ये' म्हटल्याचं त्यात कुठे नाही. ते फक्त आत्या म्हणते. आत्याला काळजी असेल, पण औषधांचा आणि घराचा भार उचलणारी माणसं दुसरी आहेत, आणि निर्णयात शब्द त्यांचाच. त्यांनी उद्या खरोखर बोलावलं, बाबांची तब्येत बिघडली, तर विचार बदलता येतो. वर्षभराचा खंड पडला म्हणून नाटक कुणाचं जात नाही. पण आज, नुसत्या लाजेपोटी, हा निर्णय घेऊ नकोस.

आता त्या हसण्याकडे येऊ. तुझ्या सगळ्या पत्राचं मूळ मला तिथे दिसतं.

'महानिर्वाण' रंगमंचावर आलं १९७४ साली. लिहिणारे सतीश आळेकर तेव्हा जेमतेम पंचविशीत होते, जीवरसायनशास्त्र शिकलेले, आणि पुढे कितीतरी वर्षं पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात नोकरी करत राहिले. पुण्याच्या थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्थेच्या प्रयोगात नानाची, म्हणजे भाऊरावांच्या मुलाची भूमिका त्यांनी स्वतः केली. त्या नाटकात मृत्यूची टिंगल नाही. हसू येतं ते मेलेल्या माणसाभोवती जिवंतांची जी धांदल उडते तिचं. चाळकरी जमतात, प्रत्येकाकडे काही ना काही सल्ला असतो, स्मशान नवं की जुनं यावर घोळ होतो, आणि या सगळ्यात नाना एकटा पडत जातो. तू मोठ्यानं हसलीस, कारण ही धांदल तू नुकतीच पाहिली आहेस. दवाखान्याच्या व्हरांड्यात जमलेले नातेवाईक, सगळ्यांचे वेगवेगळे सल्ले, कुणीतरी सांगितलेलं मालिशचं तेल, आणि त्या गर्दीत आई कुठेतरी मागे. झटका येण्याआधी वाचलं असतंस तर तुला ते नाटक गमतीदार वाटलं असतं आणि तू पुढे गेली असतीस. या वर्षी ते तुला कळलं. त्या हसण्यात बाबांचा अपमान नव्हता. तुझ्या मनातला त्या दिवसांचा ताण कुठून तरी मोकळा व्हायला बघत होता, त्याला आळेकरांनी वाट करून दिली. ते पुस्तक पुन्हा काढ आणि पूर्ण वाच. शेवटाकडे हसू कमी होत जातं, तिथपर्यंत तू पोचलेलीच नाहीस.

तुझ्या अभ्यासातलंच आणखी एक सांगते. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्रा'च्या पहिल्या अध्यायात पहिल्याच प्रयोगावर दैत्य चिडतात आणि विघ्नं आणतात. त्यांची समजूत काढताना ब्रह्मदेव नाट्य कशासाठी आहे ते सांगतो. त्यात एक ओळ येते: 'दुःखार्तानां श्रमार्तानां शोकार्तानां तपस्विनाम्, विश्रान्तिजननं काले नाट्यमेतद्भविष्यति.' दुःखानं गांजलेल्यांना, कष्टानं दमलेल्यांना, शोकात असलेल्यांना हे नाट्य वेळेला विसावा देईल. परीक्षेत ही ओळ नाट्यप्रयोजनाच्या प्रश्नात लिहितात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. तू मात्र ती स्वतःसाठी वाच. सकाळी डीटीपी, संध्याकाळी तालीम, मनात बाबा: ज्यांच्यासाठी नाट्य आहे म्हणतात त्यांत तू बसतेसच. ग्रंथालयातला तो तास तू घरून चोरून आणलेला नाहीस. त्या तासाच्या जोरावरच तू रात्री आईला फोन करून धीरानं बोलू शकतेस.

रशियन नाटककार चेखव तुम्हाला अभ्यासाला असेलच. त्याची नाटकं वाचताना त्याच्या घराकडेही जरा बघ. १८७६ मध्ये तागानरोगमधलं त्याच्या वडिलांचं किराणा दुकान बुडालं आणि सावकारांना चुकवून घर मॉस्कोला गेलं. सोळा वर्षांचा अंतोन शाळा पुरी करायला एकटा मागे राहिला. शिकवण्या घेतल्या, घरातलं उरलंसुरलं विकलं, जमेल तसे पैसे पाठवले. १८७९ मध्ये मॉस्कोला जाऊन त्यानं वैद्यकीला प्रवेश घेतला, आणि विनोदी साप्ताहिकांत टोपणनावानं छोट्या छोट्या गोष्टी लिहून घर चालवलं. त्या गोष्टींचे पैसे ओळींवर मिळायचे. १८८४ मध्ये तो डॉक्टर झाला, आणि त्याच सुमारास त्याला क्षयाची लक्षणं दिसायला लागली. हे सांगते ते 'बघ, त्याला जमलं, तुलाही जमायला हवं' म्हणून अजिबात नाही. चव्वेचाळीस वर्षांचा असताना तो गेला, आणि त्या ओढाताणीची किंमत त्याच्या शरीरानं मोजली असेलच. सांगायचं ते वेगळं आहे. पैशाची तंगी, आजारपण, नातेवाईकांची टोचणी हे सगळं कलेच्या बाहेरचं आहे आणि आपण ते लपवून वर्गात बसायचं असतं, असं तुला वाटतंय. चेखवच्या नाटकांत हेच भरलेलं आहे. 'अंकल वान्या'च्या शेवटी सोन्या हिशेबाच्या वह्या पुढ्यात असताना मामाला सांगते की आपण काम करत राहू आणि मेल्यावर आपल्याला विसावा मिळेल. तुला तो विसावा इतका पुढे ढकलायची गरज नाही. वाचताना एक तास मिळतो, तो घे.

आता टाळ्यांबद्दल. पत्रातली ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'खरा क्षण आणा' या स्वाध्यायामागे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीची भावनिक स्मृतीची, म्हणजे स्वतःच्या आठवणीतली भावना भूमिकेसाठी वापरण्याची कल्पना आहे. ती त्यानं रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या लेखनावरून घेतली. पण त्याच स्तानिस्लावस्कीनं हेही लिहिलं आहे की काळ आठवणींना गाळतो, त्यांतलं फुटकळ काढून टाकतो, आणि म्हणून जुन्या आठवणी कलेच्या कामाच्या होतात. बाबा पडले त्याला वर्षसुद्धा झालेलं नाही. गाळायला वेळच मिळालेला नाही. तू वर्गात जे केलंस त्यात भूमिका नव्हती, तू नव्यानं ती सकाळ भोगलीस, आणि बघणाऱ्यांनी तिला अभिनय समजून टाळ्या दिल्या. झोप उडाली ती त्यामुळे. तुझ्या कलेत काही कमी आहे म्हणून नव्हे.

आपल्याकडच्या शास्त्राचंही ऐक. रस, म्हणजे प्रेक्षकाला नाटकातून मिळणारा भावाचा आस्वाद, हे स्वतःचं दुःख नव्हे, हे भट्टनायक आणि अभिनवगुप्त या जुन्या संस्कृत आचार्यांनी केवढ्या बारकाईनं मांडलं आहे. 'माझे वडील, माझं घर' हे सुटतं आणि भाव सगळ्यांचा होतो, त्यालाच ते साधारणीकरण म्हणतात. ते झालं की करुण रसही चाखता येतो. तुझं दुःख अजून फक्त तुझंच आहे, आणि ते तसं असण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. वर्गात आणण्यासाठी ते तयार नाही, आणि कदाचित कधीच होणार नाही. त्यानं तुझ्यातली नटी उणी होत नाही.

तेव्हा अभिनयाच्या सरांना तासाच्या आधी, एकटं गाठून, सरळ सांग: 'सर, वडिलांच्या आजारपणाचा प्रसंग मी यापुढे वापरणार नाही. दुसरा प्रसंग आणते.' कारणं द्यायला लागू नकोस. चांगले शिक्षक हे लगेच समजून घेतात, आणि नाही घेतलं तरी वाक्य तेच ठेव. स्वाध्यायाला लांबचा क्षण निवड: शाळेत हरवलेली छत्री, पहिल्यांदा एकटीनं केलेला प्रवास, कुणाशी तरी तुटलेली मैत्री. आणि भावनेमागे न धावता हातांना काम दे. स्तानिस्लावस्की स्वतः शेवटच्या वर्षांत शारीरिक कृतींकडे वळला होता. तांब्या उचलायचा, सांडलेलं पुसायचं, दाराची कडी लावायची. कृती नेमकी असली की भावना मागून येते, आणि काम संपलं की जातेही.

जड प्रसंग करावाच लागला तर तालीम संपल्यावर लगेच पिशवी उचलून रस्त्याला लागू नकोस. तोंड धू, कपडे बदल, ज्याच्याबरोबर प्रसंग केला त्याच्याशी मेसमधल्या भाजीबद्दल बोल, त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मार. दहा मिनिटं पुरतात. आपल्याकडे भूमिकेत शिरायचं खूप शिकवतात, बाहेर यायचं फार कमी. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. नाट्यवर्ग घेणाऱ्या प्रत्येकानं तासाची शेवटची दहा मिनिटं यासाठी राखायला हवीत.

आणि बालगंधर्वांची गोष्ट. १९११ मध्ये 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांचं मूल गेलं आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. माझ्या मनात त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण ही गोष्ट तालमीत विद्यार्थ्यांना गप्प करायला वापरली जाते, तेव्हा मला त्रास होतो. ती व्यावसायिक नाटक मंडळी होती. तिकिटं गेलेली, पडदे-पोशाखांवर खर्च झालेला, साथीदारांपासून आचाऱ्यापर्यंत कितीतरी जणांची चूल त्या प्रयोगावर अवलंबून. त्यांनी जे केलं तो एका मोठ्या माणसाचा, त्या दिवसाचा, स्वतःचा निर्णय होता. तो दुसऱ्या कुणावर लादायचा नियम कधीच नव्हता. आणि त्या गोष्टीत घरी राहिलेल्या आईचं काय झालं, हे सांगायला कुणी थांबत नाही. तुझी संध्याकाळची तालीम एका एकांकिकेची आहे. बाबांना दवाखान्यात न्यायचं असलं तर तू जायचंस, आणि त्या दिवशी तुझी वाक्यं दुसऱ्या कुणीतरी वाचायची. गट असतो तो यासाठी.

तुला दोन सरांच्या दोन सूचना मिळाल्या आहेत. एक म्हणतात घर वर्गात आण, दुसरे म्हणतात घर बाहेर ठेव. दोन्ही एकदम पाळायला जाऊ नकोस. घर तुझं आहे. त्यातलं काय आत आणायचं आणि काय दाराबाहेर ठेवायचं, ते तू ठरवायचंस.

आता रोजच्या व्यवहाराचं. दोन तालमींपैकी एक सोड. पदवीच्या मूल्यमापनातली ठेव, स्पर्धेची जाऊ दे. पुण्यात एकांकिका स्पर्धांना तोटा नाही. 'पुरुषोत्तम' १९६३ पासून चालू आहे आणि पुढच्या वर्षीही असेल. मोकळ्या झालेल्या संध्याकाळी जास्तीचं डीटीपी घेऊ नकोस, एवढं माझं ऐक. ती झोपेला दे. विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे का, विभागात चौकशी कर. सकाळी शहरात लांब जाऊन काम करण्यापेक्षा ते परवडेल. बाबांच्या डेपोत भाऊ किंवा मामा जाऊन येऊ दे: रजा, वैद्यकीय खर्चाचा परतावा, हलकं काम मिळण्याची शक्यता. तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांना हे नियम तोंडपाठ असतात. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय विचारा, आणि प्रकृती स्थिरावल्यावर दिव्यांग प्रमाणपत्राचंही डॉक्टरांना विचारा. झटक्यानंतरचे पहिले काही महिने सुधारणा सगळ्यांत वेगानं होते, पण त्यानंतरही ती चालू राहते. व्यायाम थांबू देऊ नका. हे सगळं तू पुण्यात बसून एकटीनं करायचं नाहीस. कागदावर लिही, समोर नाव घाल: हे भाऊ, हे मामा, हे मी. बारावीचा मुलगा लहान नसतो.

घरचा फोन वेळेवर बांध. रात्री साडेआठ म्हणजे साडेआठ, अर्धा तास, आई आणि बाबा दोघांशी. अडचण आली तर आई कधीही करेलच. पण दिवसभर फोन वाजेल म्हणून धास्तावून बसायचं, आणि वाजला नाही की अपराधी वाटून घ्यायचं, हे थांबेल.

वाचनाबद्दल तुला एक कटू सांगायचं आहे. रात्री तीनपर्यंत वाचायचं आणि सकाळी काही आठवायचं नाही, याला मी वाचनाचा आनंद म्हणणार नाही. दिवा मालवला की ती सकाळ डोळ्यांपुढे येते, म्हणून तू पानं उलटत राहतेस. मला ते समजतं, पण पुस्तकांवर हे ओझं टाकू नकोस. तुझा वाचनाचा तास उजेडात ठेव. ग्रंथालयात, टेबलावर, दुपारी. पुण्यात १८४८ पासूनचं नगर वाचन मंदिर आहे, तुमच्या विभागाचं ग्रंथालय आहे. फोन पिशवीत ठेव. मन लागत नसलं तर कादंबरी धरू नकोस, एका नाटकाचा एकच प्रवेश घे आणि ओठ हलवून वाच. नाटक हा वाचायला सर्वांत दयाळू प्रकार आहे. ओळी छोट्या, माणसं समोर, आणि थकलीस की प्रवेशाच्या शेवटी थांबता येतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली नसशील तर या महिन्यात तीच घे. दारिद्र्य, ताटातूट, आजारपण, मरण, सगळं आहे त्यात, आणि तरी पानापानावर हसू फुटतं. संकटात असलेलं माणूस हसू शकतं, हे त्या बाईइतक्या सहजपणे मराठीत कुणी लिहिलेलं मला माहीत नाही. रात्री मात्र अकरानंतर पुस्तक नाही.

एवढं करूनही दोन आठवड्यांत झोप सुधारली नाही, जेवण जाईना, वर्गात बसून काही ऐकू येईनासं झालं, किंवा जगण्याचाच कंटाळा यायला लागला, तर वाट बघू नकोस. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक सरकारी आहे, मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. पुण्याच्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. आपल्या रंगभूमीला तर याचं वावडं असायचं काहीच कारण नाही. 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना फडणवीस उभे करणारे मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. नाटकाचा तास संपवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हे तुझ्या शिक्षणाच्या आड येणार नाही.

आणखी एक कल्पना सुचते आहे, पटली तर घे. प्रबंधिकेचा विषय अजून नक्की नसेल तर तुझ्या जिल्ह्याकडे बघ. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीत. 'शारदा' लिहिणारे देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, 'मानापमान'चे खाडिलकर सांगलीचे. एवढा वारसा आहे, आणि तरी तिथल्या गावागावांत जत्रेला, गणपतीत, हौशी मंडळींनी जी नाटकं केली त्यांबद्दल फारच कमी लिहिलं गेलं आहे. तुझ्या बाबांच्या पिढीनं ती पाहिली, कदाचित त्यांत कामंही केली. एसटीचा ड्रायव्हर म्हणजे गावोगाव रात्रीचा मुक्काम केलेला माणूस, कुठल्या गावात काय चालायचं हे त्याला ठाऊक असतं. सुट्टीत घरी जाशील तेव्हा वही घेऊन त्यांच्याजवळ बस. ते हळू बोलतील, अडखळतील, थांबशील तू. वाचा-उपचार चालू असतील तर त्या तज्ज्ञाला विचार की असं बोलायला लावणं चालेल ना, एका वेळी किती चालेल. हे उपचाराच्या जागी नाही, आणि त्यांना 'बरं करायला' म्हणूनही करू नकोस. तुला माहिती हवी आहे आणि ती त्यांच्याकडे आहे, एवढ्याच नात्यानं विचार. इतके महिने सगळे त्यांना फक्त 'औषध घेतलं का' विचारत असतील.

भाऊ शेजारी बसून रेकॉर्डिंग करू दे, म्हणजे बाबांचे शब्द निसटणार नाहीत आणि त्याचाही हातभार लागेल. आई अधूनमधून दुरुस्त्या सुचवेल, त्याही लिहून घे. प्रश्न साधे ठेव, एका शब्दात उत्तर देता येतील असे. नाटक जत्रेला असायचं की गणपतीत? पडदे भाड्यानं कुठून आणायचे, सांगलीहून की मिरजेहून? बायकांची कामं करायला बाहेरून नट्या यायच्या का, की गावातलीच पोरं लुगडं नेसायची? तालीम कुठे व्हायची, देवळात की शाळेत? आणि बाबांनी काम केलं असेल तर कोणतं? सुट्टी झाली की मला कळव, त्यांनी काय काय सांगितलं.

तुझी,
ताई